चढणीला पाणी, उतरणीला तेल

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात लोक कशापाशी थांबतात हे ठरलेले असते. रंगापाशी, क्रोमच्या बंपरपाशी, बॉनेटच्या टोकावरच्या मूर्तीपाशी, लाकडी डॅशबोर्डपाशी. रेडिएटरची जाळी सगळे पाहतात. जाळीमागचा रेडिएटर कुणी पाहत नाही. ब्रेक तर चाकाच्या आत, ड्रमखाली झाकलेले. परीक्षकांच्या गुणपत्रिकेतही या दोन गोष्टी बहुधा ‘यांत्रिक स्थिती’ अशा एका ओळीत उरकतात. गाडी मैदानावर ट्रेलरवरून आणायची आणि ट्रेलरवरून परत न्यायची असेल तर तेवढे पुरतेही. पण ती रस्त्यावर चालवायची असेल, आणि आपल्याकडे रस्ता म्हटला की कुठेतरी घाट येतोच, तर तिचे आणि आत बसलेल्यांचे आयुष्य याच दोन न दिसणाऱ्या अंगांवर अवलंबून असते.

‘विंटेज’ हा शब्द आपण सैल वापरतो. इंग्लंडमधल्या हौशी मंडळींच्या काटेकोर हिशेबात विंटेज म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची, १९३० अखेरपर्यंतची गाडी. आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकींना विंटेज मानले. त्यांच्या नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. या व्याख्येने एक गंमत केली. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसबरोबर आपल्या आजोबांची फियाटही विंटेज ठरली. पुढचे विवेचन मी मुख्यतः या फियाटला धरून करणार आहे. कारण तिच्यावर काम करणारे हात अजून शिल्लक आहेत, आणि तिच्या अंगी असलेले दोष त्या काळच्या बहुतेक गाड्यांत सापडतात.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. इटलीत १९५३ साली आलेली फियाट ११०० पुढच्याच वर्षापासून तिथे तयार होऊ लागली. तिच्या फुगीर, बुटक्या अंगलटीवरून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले आणि त्या नावात तिरस्कारापेक्षा माया अधिक होती. १९६४पासून चौकोनी तोंडवळ्याची ‘डिलाइट’ आली. तीच पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४पासून ‘पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. बाह्यरूप बदलत गेले तरी गाभा तोच: १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, बिडाचा ब्लॉक, त्यावर अॅल्युमिनियमचे हेड, आणि चारही चाकांना द्रवदाबावर चालणारे ड्रम ब्रेक.

आता थोडा हिशेब. चार माणसे आणि सामान धरून ही गाडी सुमारे १२०० किलोची होते. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतची चढण उंचीने जवळपास ५०० मीटर. तेवढे वजन तेवढे वर न्यायला लागणारी ऊर्जा सुमारे ५९ लाख जूल भरते. हीच ऊर्जा खाली उतरताना कुठेतरी जिरवावी लागते. ३० अंशांवरचे वीस लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते तेवढी ही आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगातून गाडी एकदा पूर्ण थांबवण्याशी तुलना केली, तर एक घाट उतरणे म्हणजे तसे पस्तीस वेळा थांबणे. यातला काही भाग वारा, टायर आणि गिअरमध्ये असलेले इंजिन उचलते. उरलेला सगळा ब्रेकच्या ड्रमांत उष्णता होऊन साठतो.

चढताना उलटे घडते. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोचतो. ढोबळमानाने तिसरा हिस्सा धुराड्यातून जातो आणि जवळपास तेवढाच पाण्याच्या गळ्यात पडतो. सपाट रस्त्यावर हे पाणी सहज थंड होते, कारण इंजिनावर भार कमी आणि समोरून वारा भरपूर. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये भार पूर्ण आणि वारा नाही. म्हणून चढणीला पाण्याची परीक्षा आणि उतरणीला ब्रेकच्या तेलाची. दोन्ही यंत्रणांचा धंदा एकच, उष्णतेची विल्हेवाट. भोर घाटातल्या रेल्वेने ब्रेक निकामी झालेल्या गाडीसाठी चढणीवर नेऊन थांबवणारे खास रूळ टाकले होते. मोटारवाल्याला तशी सोय नाही.

आधी पाणी. पहिल्या मोटारींत थंड करणारी यंत्रणा म्हणजे उघडे भांडेच होते. पाणी उकळून उडून जाई आणि वाटेत पुन्हा भरावे लागे. विल्हेल्म मायबाखने १९०१च्या मर्सिडीजसाठी आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला आणि थोड्या पाण्यात मोठे इंजिन थंड ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर बहुतेक काळ पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड झालेले जड होऊन खाली उतरते, एवढ्या तत्त्वावर ते फिरे. बंबात पाणी तापताना जे होते तेच. ज्यांच्याकडे त्या घराण्याची गाडी आहे त्यांनी पाण्याची पातळी जरा जास्तच जपावी. वरच्या नळीच्या तोंडाखाली पाणी गेले की फिरण्याचा दोराच तुटतो.

फियाटला पंप आहे, पंखा आहे, थर्मोस्टॅट आहे. तरीही ‘गाडी गरम होते’ ही तक्रार जुनीच. याचे पहिले कारण आपले पाणी. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून रेडिएटरमध्ये नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतायची सवय लागली. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापल्यावर भिंतींना चिकटतात, चहाच्या किटलीत पांढरा थर बसतो तसे. हा थर तांब्याच्या मानाने उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतो. त्यातच बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचे हेड एकाच पाण्यात बुडालेले. दोन भिन्न धातू आणि क्षारयुक्त पाणी एकत्र आले की लहानशी बॅटरी तयार होते, आणि तीत झिजतो तो अॅल्युमिनियम. जुने हेड उघडले की पाण्याच्या भोकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात ते यामुळे. कूलंट गोठू नये म्हणून घालायचे असते ही समजूत इथे नडते. आपल्या हवेत त्याचे खरे काम गंज आणि ही झीज रोखण्याचे आहे. फक्त जुन्या तांब्या-पितळेच्या, डाख दिलेल्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचे सिलिकेटयुक्त कूलंट घ्यावे. नव्या गाड्यांसाठीची काही ‘दीर्घायुषी’ कूलंटे शिशाच्या डाखाला मानवत नाहीत. आणि ते मिसळायचे पाणी ऊर्ध्वपातित असावे, म्हणजे बॅटरीत घालतो ते.

पुनरुज्जीवनाचे काम सुरू करताना मालक सहसा थेट नवा रेडिएटर शोधायला निघतात. माझे मत असे की रेडिएटरला सगळ्यात शेवटी दोष द्यावा. आधी इंजिनाचे टायमिंग पाहावे. ठिणगी उशिरा पडत असेल तर इंजिन तापतेच. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल तरी तापते, आणि आजच्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या कार्बुरेटरचे मिश्रण आपोआप विरळ होते. पंख्याचा पट्टा सैल आहे का, खालचा रबरी होज पंपाच्या ओढीने आत दबतो आहे का, हे पाहावे. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे घाटात गाडी बंद पडली की ‘गरम झाली’ म्हणून रेडिएटरवर पाणी ओतले जाते, पण पुष्कळदा पाणी ठीकच असते. इंजिनाला बिलगलेल्या पेट्रोलच्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटलेला असतो. जुने टॅक्सीवाले पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवत, ती अंधश्रद्धा नव्हती. त्यांनी रोगाचे निदान बरोबर केले होते.

मग ब्लॉक. त्याच्या अंगावर पाण्याच्या मार्गांची झाकणे म्हणून पत्र्याच्या वाट्या ठोकलेल्या असतात. त्या काढल्या की आतून गंज, वाळू आणि क्षारांचा लालसर लगदा निघतो, मागच्या सिलिंडरभोवती सर्वांत जास्त, कारण तिथे प्रवाह मंद असतो. हा लगदा खरवडून, उलट दिशेने पाणी मारून काढल्याशिवाय नवा रेडिएटर बसवला तर तोच लगदा महिन्याभरात नव्या नळ्यांत जाऊन बसतो. रेडिएटर तपासायची सोपी रीत अशी की गाडी तापवून, इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर समोरून तळहात फिरवावा. जिथे थंड लागेल तिथल्या नळ्या बुजलेल्या. चांगला रेडिएटरवाला वरची टाकी डाख वितळवून उचलतो, एकेका नळीत पातळ पट्टी घालून ती साफ करतो, आणि टाकी पुन्हा झाळतो. नळ्याच संपल्या असतील तर टाक्या जुन्या ठेवून मधला गाभा नवा बसवतात.

थर्मोस्टॅटबद्दल मात्र आपल्या गॅरेजांशी माझे भांडण आहे. ‘आपल्याकडे गरमी, काढून टाका’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडणारी एक झडप आहे, आणि ती उघडल्यावर पाण्याच्या वाटेत फारशी येत नाही. काढून टाकली तर सपाटीवर इंजिन नेहमी थंडच राहते, पेट्रोल जास्त पिते आणि सिलिंडर लवकर झिजतात. ज्या इंजिनांत बगलेची वाट आहे तिथे तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परस्पर फिरत राहते, आणि गाडी आणखी तापते. भांड्यात पाणी तापवून थर्मोस्टॅट त्यात सोडावा. उघडला तर बसवावा, नाही तर नवा आणावा.

राहिले झाकण. दाबाचे झाकण पाण्याचा उकळबिंदू वाढवते. सात पौंडांच्या झाकणाखाली समुद्रसपाटीला पाणी ११० अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वरला उघडे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते, म्हणजे तिथे हे झाकण आणखी मोलाचे. पण बाजारात मिळाले म्हणून जास्त पौंडांचे झाकण बसवू नये. जुन्या डाखाच्या सांध्यांना तो दाब सोसत नाही. आणि तापलेले झाकण का उघडू नये हे एकदा आकड्यांत पाहिलेले बरे. ११० अंशांवरच्या एक लिटर पाण्यावरचा दाब अचानक सोडला तर त्यातले वीसेक मिलिलिटर पाणी तत्क्षणी वाफ होते आणि त्या वाफेला जागा लागते तीस लिटर. उरलेले पाणी ती आपल्याबरोबर घेऊन बाहेर येते, झाकण धरलेल्या हाताच्या दिशेने.

आता तेल. सुरुवातीच्या गाड्यांचे ब्रेक सळ्यांचे आणि तारांचे होते. चारही चाकांना सारखी ओढ मिळावी म्हणून त्यांची जुळवणी हे एक अखंड व्रत असे. माल्कम लॉकहीड यांनी द्रवदाबाचा ब्रेक आणला आणि १९२१च्या डुझेनबर्ग मॉडेल ए या गाडीने तो चारही चाकांना लावला. बंदिस्त द्रवात कुठेही दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो, हे पास्कलचे तत्त्व आपण शाळेत शिकलो. पायाने मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या दाबला की चाकाजवळच्या व्हील सिलिंडरमधले दट्टे सरकतात, ब्रेकचे शू ड्रमला टेकतात. शूच्या दिशेलाही अर्थ आहे. चालताना काठी पुढे टेकवून ढकलली तर ती रुतते, मागे धरून ओढली तर घसरत येते. ड्रमच्या फिरण्याच्या दिशेला ज्या शूचे टोक सामोरे जाते तो स्वतःच आत ओढला जातो आणि जास्त पकडतो. म्हणून शू उलटसुलट बसले, किंवा लायनरवर एका बाजूला ग्रीस लागले, की गाडी ब्रेक लावताच एका अंगाला खेचते.

या सगळ्या व्यवस्थेचा कच्चा दुवा आहे ते द्रव. त्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकॉलच्या कुळातले आहे आणि तसे ते मुद्दाम निवडलेले आहे. जुने रबर खनिज तेलात फुगते, म्हणून आरंभी एरंडेल आणि मद्यार्काचे मिश्रण वापरीत. पुढे ग्लायकॉल आले. या द्रवाचा गुण म्हणावा की अवगुण, ते हवेतली ओल शोषते. डॉट ३ दर्जाच्या कोरड्या द्रवाचा उकळबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १४० इतका खाली चालतो. डॉट ४ला हेच आकडे २३० आणि १५५. कोकणातल्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या द्रवाची कल्पना यावरून करावी.

घाट उतरताना ड्रम तापतो, त्याची उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत पोचते, आणि पाणी मुरलेले द्रव तिथे उकळते. द्रव दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल एकदम जमिनीला टेकते. दहा-पंधरा मिनिटांनी सगळे निवते, वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पेडल पहिल्यासारखे कडक लागते. पंचनाम्याला आलेल्या माणसाला ब्रेक व्यवस्थित सापडतात. ‘ब्रेक फेल झाले’ म्हणणाऱ्या ड्रायव्हरवर विश्वास बसत नाही तो कित्येकदा या कारणाने. शिवाय तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो आणि लायनरची पकडही कमी होते, ती गोष्ट वेगळीच. त्या काळच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे जुन्या फियाटलाही ब्रेकचा एकच मार्ग आहे. एका चाकाचा सिलिंडर गळला तरी चारही चाके सुटतात. मग हातात राहतो तो हँडब्रेक. म्हणून हँडब्रेक ही पार्किंगची सोय न समजता गाडीचा दुसरा ब्रेक समजून दुरुस्त करावा.

उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त बिघडते. मुरलेल्या पाण्याने सिलिंडरच्या आत बारीक खड्डे पडतात, आणि त्यावर नवे रबर किट घातले तर ते खड्डे रबराच्या कडा महिन्याभरात कुरतडतात. हलके डाग घासून जातात. खोल असतील तर सिलिंडर मोठा करून आत स्टीलची नळी बसवावी, मूळ मापाची. असे केल्याने बाहेरचे मूळ ओतकाम टिकते आणि आतले काम नव्याहून सरस होते. लवचीक होजची फसवणूक वेगळ्या जातीची. बाहेरून तो नवा दिसतो, पण आतून फुगून त्याचे भोक बंद होत आलेले असते. पायाच्या जोराने द्रव पुढे जाते, पण परत येत नाही. चाक जाम राहते, ड्रम तापतो, आणि दोष शूच्या स्प्रिंगला दिला जातो. होज जुने असतील तर न तपासता बदलावेत. पोलादी नळ्यांच्या जागी साध्या तांब्याच्या नळ्या वाकवून घालण्याचीही पद्धत आहे, कारण त्या हाताने वळतात. तांबे थरथरीने कडक होत जाते आणि टोकाशी चिरते. त्याऐवजी तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्यावी, आणि तिचे तोंड दुहेरी दुमडून घ्यावे.

ड्रम लेथवर घासून घेताना किती घासायचे याला मर्यादा असते. दोन्ही बाजूंचे ड्रम एकाच मापाचे व्हायला हवेत. नवे लायनर त्या मापाला घासून जुळवावे लागतात, नाहीतर शू मधेच टेकतो. इथे एक गोष्ट घाईने सांगून चालणार नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडला की कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवायची, ही प्रत्येक गॅरेजमधली रीत. त्या धुळीतले तंतू फुप्फुसात रुतले की बाहेर पडत नाहीत, आणि त्यांचा रोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी प्रकट होतो. तोवर ब्रेकचे काम करणारा पोऱ्या म्हातारा झालेला असतो आणि दोन गोष्टींचा संबंध कुणी लावत नाही. धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, तोंडाला चांगला मास्क असावा. आपल्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या छातीतून वसूल होऊ नये, एवढी काळजी मालकाने उभे राहून घेतली पाहिजे.

शेवटी हवा काढणे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करायची. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. ‘दाब... धर... सोड’ हे तीन शब्द चालू राहतात, बाटलीत बुडवलेल्या नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत. बाहेर आलेले द्रव पुन्हा टाकीत ओतायचे नाही, आणि रंगावर सांडू द्यायचे नाही. ते रंग उतरवते. नवे द्रव डॉट ४ घ्यावे आणि दर दोन वर्षांनी बदलावे. सिलिकोनचे डॉट ५ ओल शोषत नाही म्हणून बरेच संग्राहक ते पसंत करतात. पण ग्लायकॉलच्या जुन्या द्रवात ते मिसळून चालत नाही, आणि आत शिरलेले पाणी त्यात न विरघळता सखल जागी साचते, तेही तसेच गंजवते.

एवढी खटपट करण्यापेक्षा नव्या गाडीचे डिस्क ब्रेक आणि विजेचा पंखा बसवावा की नाही, हा वाद प्रत्येक मेळाव्यात होतो. आपल्या नियमांत ‘मूळ रूप’ म्हणताना चासी, सांगाडा आणि इंजिन यांतले बदल मुख्यतः डोळ्यांपुढे आहेत. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्यूरिन सनदेने वास्तुजतनातला विचार मोटारींना लावला. बदल कमीत कमी करावा, शक्यतो परत फिरवता येईल असा करावा, आणि केला त्याची नोंद ठेवावी. मला हा मार्ग पटतो. विजेचा पंखा चार बोल्टांनी बसतो आणि चार बोल्टांनी निघतो. दादर-परळच्या गर्दीत तो गाडी वाचवतो. डिस्कसाठी मात्र स्टब अॅक्सल, चाके आणि मास्टर सिलिंडर बदलावे लागतात, आणि काढलेले भाग भंगारात जातात. नीट बसवलेले ड्रम ब्रेक त्या गाडीच्या वेगाला पुरतात. न पुरणारा असतो तो आजच्या गाड्यांना चिकटून चालवणारा आपला पाय. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिस्त पाळली तर त्या ५९ लाख जूलांतला मोठा वाटा इंजिन उचलते.

अडचण वेगळीच आहे. आजच्या गाड्यांचे रेडिएटर पातळ अॅल्युमिनियमचे, टाक्या प्लॅस्टिकच्या. गळला की बदलायचा. त्याला डाख लागत नाही, त्यामुळे डाख देणाऱ्यांकडे कामही येत नाही. शहरातल्या जुन्या गॅरेजांच्या रांगेत भट्टी आणि पाण्याची टाकी घेऊन बसलेला रेडिएटरवाला शोधावा लागतो. सापडलाच तर तो पिवळटलेला रेडिएटर हातात तोलून पाहतो आणि आधी विचारतो, दुरुस्त करायचा की विकायचा? तांब्याचा भाव चांगला आहे.